मूठभर धान्य आणि मुक्तिदिन



युरोपात नेदरलँड्स नावाचा चिमुकला देश आहे. हॉलंड म्हटले की चटकन ओळख पटेल. महाराष्ट्राचे सात वाटे केले तर त्यातल्या एका वाट्याएवढा. दूधदुभते, बटाटे आणि ट्यूलिपची फुले यांसाठी नावाजलेला. तिथे दरवर्षी ५ मे हा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. आज त्याची हकीकत सांगायची आहे, कारण तीत शेतकऱ्याच्या घराचा मोठा वाटा आहे.

१० मे १९४० रोजी हिटलरच्या फौजा या देशात घुसल्या. पाच दिवसांत देश पडला आणि पाच वर्षांचा जाच सुरू झाला. एक लाखाहून अधिक ज्यू बायका-माणसे-मुले धरून नेऊन मारली गेली. तरण्या पोरांना जर्मनीत वेठीला नेऊ लागले. तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी अशा लोकांना गवताच्या गंजीत, गोठ्याच्या माळ्यावर लपवले. सापडले तर आपलेही घरदार जाणार, हे ठाऊक असून लपवले.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा देशाच्या दक्षिण भागात पोहोचल्या. त्यांना मदत म्हणून रेल्वे कामगारांनी संप केला. चिडलेल्या जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांत जाणारे धान्य अडवले. पुढे कालवे गोठले, नावाही थांबल्या. अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांत हाहाकार उडाला. धडधाकट माणसाला दिवसाला दोन हजारांवर उष्मांक लागतात. शिधापत्रिकेवर सहाशेसुद्धा मिळेनात. लोकांनी साखरेचे बीट उकडून खाल्ले. ट्यूलिपचे कंद चिरून, पोटातला पिवळा कोंब काढून, त्याची आमटी केली. आपल्याकडे म्हणतात ना, भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. तिथे कोंडाही उरला नव्हता. त्या हिवाळ्यात सुमारे २० हजार माणसे उपासमारीने गेली.

मग शहरातले लोक, त्यातही बायका, खेड्यांकडे निघाल्या. टायर नसलेल्या सायकली, हातगाड्या, बाबागाड्या घेऊन बर्फातून कोसच्या कोस चालल्या. बरोबर चादरी, घड्याळे, लग्नातली अंगठीसुद्धा. शेतकऱ्याच्या दारात उभे राहून म्हणायचे, एवढे घ्या आणि थोडे बटाटे द्या.

मंडळी, इथे शेतकऱ्याची परीक्षा झाली. काहींनी पोत्यामागे सोने मागितले. काहींनी मात्र रास्त भावात दिले, वर गरम जेवण घातले, रात्री गोठ्यात झोपायला जागा दिली. उत्तरेकडच्या खेड्यांनी तर शहरांतली हजारो पोरे आपल्या घरी आणून पोसली. दोन्ही तऱ्हेचे शेतकरी लोकांच्या आठवणीत राहिले. धान्याचा भाव लोक विसरतात, दारातली वागणूक विसरत नाहीत.

शेतकऱ्याचे नुकसानही कमी झाले नाही. वीरिंगरमेर या भागात समुद्र हटवून, बांध घालून १९३० मध्ये जमीन काढली होती. १७ एप्रिल १९४५ रोजी जर्मनांनी तो बांध सुरुंगाने उडवला. सुमारे पन्नास हजार एकर पिकती जमीन पाण्याखाली गेली. सुटकेला अवघे अठरा दिवस उरले होते! पण लोकांनी बांध बुजवला, पंपांनी पाणी उपसले आणि वर्षअखेरपर्यंत जमीन पुन्हा उघडी केली.

२९ एप्रिलपासून दोस्तांची विमाने शहरांवर आली. आजवर ज्यांतून बाँब पडायचे, त्यांतूनच पिठाची आणि डब्यांतल्या अन्नाची पोती पडू लागली. ५ मे रोजी वागेनिंगेन गावच्या एका हॉटेलात कॅनडाचे सेनापती फोक्स यांनी जर्मन सेनापती ब्लास्कोविट्झ यांच्यापुढे शरणागतीच्या अटी ठेवल्या. आज हे गाव शेतकी विद्यापीठासाठी जगभर ओळखले जाते.

या सणाची रीत चांगली आहे. आदल्या दिवशी, ४ मेच्या रात्री आठ वाजता, सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. आधी गेलेल्यांची आठवण, मग आनंद. मध्यरात्री वागेनिंगेनला ज्योत पेटते. तरुण मुले धावत ती गावोगावी नेतात. दिवसभर गाणी-बजावणी होते, पुष्कळ ठिकाणी एका पंगतीला बसून जेवतात. सगळ्यांनाच कामाची सुट्टी मिळते असे नाही, आणि गोठ्यातल्या गायींना तर सुट्टी ठाऊकच नाही.

आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. स्वातंत्र्य म्हणजे नुसता झेंडा नव्हे. आपले धान्य आपल्या माणसांपर्यंत बिनअडथळा पोहोचणे, हेही स्वातंत्र्यच. आणि वाईट दिवसांत दारी आलेल्याला आपण काय दिले, यावरच शेतकऱ्याच्या घराचे नाव राहते.