वही कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मोंढ्यातल्या अडतीच्या पेढीवर नव्या वहीला हळदकुंकू वाहिले जाते. त्या वहीत ज्याचा कापूस लिहिला जाणार, तो परभणीजवळच्या पेडगावचा शेतकरीही त्याच वेळी घरी लक्ष्मी पूजीत असतो. त्याच्या पाटावर नाणी असतात, केरसुणी असते. वही मात्र नसते. माझे भांडण या नसलेल्या वहीवरून आहे.

अलीकडे एक नवे कीर्तन सुरू झाले आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आली, बाजार बदलला; तुम्हीही धंदा बदला, नाहीतर बुडाल!’ वक्ते शहरातून येतात, पडद्यावर चित्रे दाखवितात आणि चहा घेऊन परत जातात. जणू बाजार बदलतो ही बातमी शेतकऱ्याला त्यांच्याकडूनच कळायची होती! १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठविले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कापूस शेतात उभा असतानाच परदेशी रुईला दार उघडले. त्या दिवशी बाजार कोणत्या यंत्राने बदलला? एका सरकारी कागदाने!

‘यंत्र तुम्हाला भाव सांगेल,’ असे म्हणतात. सांगेल की! पण त्याने साऱ्या तालुक्याला ‘सोमवारी विका’ असे सांगितले, तर सोमवारी मोंढ्याबाहेर गाड्यांची रांग लागेल आणि भाव पडेल, एवढे समजायला कृत्रिम बुद्धी लागत नाही.

म्हणून मी यंत्राचा वैरी आहे असे कोणी समजू नये. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर हाच प्रयोग केला आहे. जमिनीतली ओल मोजणारी उपकरणे, हवामानाच्या नोंदी, उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाणी कधी द्यावे हे यंत्र सांगते. पण ही बुद्धी आकाशातून पडलेली नाही, ती नोंदींतून आली आहे. यंत्र म्हणजे हजारो वह्या एका दमात वाचणारा मुनीम. आणि मुनीम ज्याच्या पेढीवर बसतो, त्याचेच हित पाहतो.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. संताप रास्त होता. पण दुसऱ्याचा कागद जाळल्याने आपला हिशेब हाती येत नाही. आज तर जाळायला कागदही उरलेला नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपले पीक आपणच मोबाईलवर नोंदवितो. २०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा, तर ‘कपास किसान’ ॲपवर नाव घालावे लागते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता; पण ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. सगळ्यांच्या वहीत आपण आहोत. आपल्या वहीत कोण आहे?

महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आणि ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. खुशाल करावी! मात्र दोन अटी आधी लिहून द्याव्यात. शेतकऱ्याची नोंद त्याच्या संमतीवाचून कोणाच्याही हाती जाऊ नये. आणि त्या नोंदीवरून जो निष्कर्ष निघेल, तो त्याला मराठीत आणि फुकट मिळावा. या अटी नसतील, तर हे धोरण म्हणजे सावकारीचीच सुधारून काढलेली आवृत्ती होय.

आणि शेतकऱ्याने काय करावे? घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तिच्या हाती एक वही द्यावी. पेरणीची तारीख, बियाण्याचा दर, फवारणी, वेचणीची मजुरी, ओलावा, पट्टीवरचा भाव आणि पट्टीतून कापलेली रक्कम, सारे तीत लिहावे. गावातल्या पन्नास घरांनी अशा वह्या एकत्र केल्या, की मग खुशाल यंत्राला विचारावे: एक क्विंटल कापूस पिकवायला आम्हांला खर्च किती आला? ते उत्तर हाती असलेला माणूस मोंढ्यात हात जोडून उभा राहत नाही.

यंदा केरसुणीशेजारी एक कोरी वही ठेवा. तिलाही हळदकुंकू वाहा. आणि पाडव्याला तिच्यात पहिली ओळ लिहा.