कोपर मोजता, मग जात का मोजत नाही?

क्रिकेटच्या मैदानावर आता न मोजलेली वस्तू शोधावी लागेल. चेंडूचा वेग, त्याचा टप्पा, तो किती वळला, बॅटची कड घेऊन गेला की नाही, सारे काही संगणक सांगतो. पायचीतच्या निर्णयात चेंडू पुढे जाऊन यष्टीवर आदळला असता की नाही, हेही तोच सांगतो. आपले क्रिकेट मंडळ तर सोळा वर्षांखालील मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून त्याचे वय ठरवते. खेळातील माहिती तंत्रज्ञानाच्या या प्रगतीचे गोडवे प्रस्थापित वृत्तपत्रे नेहमीच गातात. त्यात आम्ही भर घालण्याची गरज नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, यंत्र मोजते हे खरे, पण काय मोजायचे आणि कोणाला मोजायचे हे कोण ठरवतो?

यासाठी मुथय्या मुरलीधरनचे प्रकरण आंबेडकरी वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या या तरुण फिरकी गोलंदाजाचे चेंडू तीन षटकांत सात वेळा नो-बॉल ठरवले. आरोप असा की, तो चेंडू टाकत नाही, फेकतो. म्हणजे चेंडू सोडताना वाकलेले कोपर सरळ करतो. पुढे १९९६ साली पर्थ आणि हाँगकाँग येथील विद्यापीठांत कॅमेरे लावून त्याचा हात तपासला गेला. मुरलीचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे तो फेकतो असा डोळ्यांना भास होतो, असा निष्कर्ष निघाला. तरीही १९९९ साली ॲडलेडला रॉस इमर्सन या पंचाने पुन्हा नो-बॉल दिला. २००४ साली त्याच्या ‘दूसरा’ या चेंडूवर संशय घेतला गेला, पुन्हा प्रयोगशाळा झाली. एकाच माणसाचा हात किती वेळा मोजावा!

खरी गंमत यानंतरची आहे. तोपर्यंत नियम असा होता की, कोपर सरळ होण्याची सूट फिरकी गोलंदाजाला ५ अंश, मध्यमगती गोलंदाजाला साडेसात आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश. मग शास्त्रज्ञांनी इतर गोलंदाजांवरही कॅमेरे रोखले. २००४ च्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत जगभरचे गोलंदाज तपासले गेले आणि बहुतेक सर्वांचेच कोपर थोडेफार सरळ होते असे दिसून आले. ज्यांच्या शैलीला वर्षानुवर्षे निर्दोष म्हणून नावाजले गेले, तेही यातून सुटले नाहीत. साध्या डोळ्यांना ते दिसत नव्हते, कारण तसे दिसेल अशी कोणाला शंकाच नव्हती. शेवटी आंतरराष्ट्रीय परिषदेला २००५ साली सर्वांसाठी १५ अंशांची एकच मर्यादा घालावी लागली. मुरलीधरनने २०१० साली ८०० बळी घेऊन कसोटीतून निवृत्ती घेतली.

मुरलीधरन काही गरीब घरचा नव्हता, वडिलांचा बिस्किटांचा कारखाना होता. त्याला शोषितांचा प्रतिनिधी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा मापनाचा आहे. एकट्या मुरलीला मोजले तोपर्यंत तो आरोपी होता. सर्वांना मोजले तेव्हा नियमच चुकीचा ठरला.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय क्रिकेटमध्ये सामाजिक प्रतिनिधित्वाचा प्रश्न विचारला की लगेच ‘गुणवत्ता’ हा शब्द तोंडावर फेकला जातो. रामदास आठवले यांनी २०१७ साली क्रिकेटमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षणाची मागणी केली तेव्हा तिची टिंगलच अधिक झाली. आठवलेंच्या राजकारणाविषयी आमची मते वाचकांना ठाऊक आहेत. पण त्या दिवशी कोणीही आकडे पुढे ठेवून त्यांना खोटे ठरवले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ठेवणार कुठून? मंडळाने आपल्या खेळाडूंची, प्रशिक्षकांची, पंचांची, निवड समितीची सामाजिक आकडेवारी कधी जाहीरच केलेली नाही. आकडे नसतात तेथे डोळ्यांचा कौल चालतो, आणि तो डोळा कोणाचा हे सांगायला नको.

या डोळ्याचा इतिहास पळवणकर बाळूंपासून सुरू होतो. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पुण्यात इंग्रज साहेबांना तासन् तास सरावासाठी गोलंदाजी केली. नेटमध्ये टाकलेल्या चेंडूची नोंद धावपुस्तकात होत नसते, त्यामुळे ती मेहनत कोणत्याच आकड्यात आली नाही. हिंदू संघात त्यांना घेतले ते बळी हवे होते म्हणून. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही; त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हा इतिहासही आम्ही लपवत नाही.) बाळूंची गुणवत्ता आकड्यांत होती, सर्वांना दिसत होती. तेवढ्याने कर्णधारपद मिळाले नाही, हे गुणवत्तेची पोपटपंची करणाऱ्यांनी कधीतरी वाचावे.

तंत्रज्ञानाने काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सालेम जिल्ह्यातील खेड्यात टेनिस चेंडूवर खेळणारा टी. नटराजन तामिळनाडूच्या राज्य लीगमध्ये दिसला, त्याचे यॉर्कर पडद्यावर गेले आणि २०२०-२१ च्या दौऱ्यात तो भारताकडून तिन्ही प्रकारांत खेळला. कॅमेरा खेड्यापर्यंत पोहोचला तर काय होते, हे यातून दिसते. पण ज्या वस्तीत मैदानच नाही, जिथल्या जिल्हा परिषद शाळेत खेळाचा तास कागदावरच असतो, तिथल्या पोराचा वेग मोजायला यंत्र येत नाही. अकादमीची फी भरणाऱ्याच्या मुलाचा प्रत्येक चेंडू मात्र संगणकात साठतो. मग निवडीच्या वेळी एकाकडे आकडे असतात आणि दुसऱ्याकडे फक्त हात.

बाहेरचे देश काय करतात? दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने २०१६ साली उद्दिष्टच ठरवले की, हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर खेळाडू असतील आणि त्यांपैकी दोन आफ्रिकन कृष्णवर्णीय असतील. इंग्लंडमध्ये स्वतंत्र आयोग नेमला गेला, त्याने २०२३ साली वंश, वर्ग आणि लिंग यांवरून इंग्रज क्रिकेटमध्ये भेदभाव होतो असे स्पष्ट लिहिले आणि तिथल्या मंडळाला माफी मागावी लागली. तिथे आकडे आहेत, म्हणून तिथे निदान वाद तरी होतो.

आपले मंडळ मोजणीला नकार देण्यात जुने आहे. पंचांच्या निर्णयाची संगणकाद्वारे फेरतपासणी २००८ च्या श्रीलंका दौऱ्यात आजमावली गेली. त्यानंतर यंत्रावर भरवसा नाही म्हणत मंडळाने ती २०१६ पर्यंत रोखून धरली. २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, तेव्हाही माहिती अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरता ठेवला गेला आणि जगातील सर्वात श्रीमंत मंडळ त्यातून अलगद निसटले. वानखेडे स्टेडियम उभे आहे ती जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. ही सरकारी मदत नाही काय?

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला आहे. म्हणजे जात मोजल्याने देश फुटतो, हा युक्तिवाद सरकारनेच सोडून दिला. तेव्हा राज्य संघटनांनी आपल्या चौदा आणि सोळा वर्षांखालील निवड चाचण्यांना आलेल्या व निवडलेल्या मुलांची सामाजिक आकडेवारी, नावे न देता, दरवर्षी प्रसिद्ध करावी, ही मागणी बहुजन खेळाडूंच्या पालकांनी आता लेखी स्वरूपात करावी. मनगटाच्या एक्स-रेसाठी पालकांकडून अर्ज भरून घेतलाच जातो. त्यात आणखी एक रकाना वाढवायचा आहे.