परराष्ट्र खात्याचा हिशेब बदनापूरनेही मागावा

अर्थसंकल्प आला की आपल्या वस्त्यांत चर्चा होते ती शिष्यवृत्तीची, घरकुलाची, अनुसूचित जातींच्या तरतुदीला किती कात्री लागली याची. ती व्हायलाच हवी. परंतु परराष्ट्र मंत्रालयाला किती पैसा मिळाला आणि तो कुठे गेला, हे बदनापूरच्या बाजारात कोणी विचारत नाही. परराष्ट्र खाते म्हणजे सुटाबुटातल्या साहेबांचा कारभार, मेजवान्या आणि हस्तांदोलनाची छायाचित्रे, अशी समजूत करून दिली गेली आहे. ज्यांच्या सोयीची ती आहे त्यांनीच ती करून दिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबासाहेबांनी ती मानली नव्हती. १९५१ च्या राजीनाम्याचे हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना पाठ आहे; परराष्ट्र धोरणाचे कारण फारसे कोणी सांगत नाही. १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी सरळ आकडे मांडले. वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर, आणि हा बोजा का, तर आपल्या धोरणामुळे जगात आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून. त्यांचा निष्कर्ष कोणाला पटो न पटो, पण पद्धत बघा. परराष्ट्राचा प्रश्न त्यांनी तिजोरीच्या दारात आणून उभा केला. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे संविधान सभेत म्हणणारा माणूस दुसरे काय करणार?

आता आजचे आकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाला सुमारे २०,५१६ कोटी रुपये ठेवले गेले. देशाच्या शंभर रुपयांतले जेमतेम चाळीस पैसे. यातले २,१५० कोटी एकट्या भूतानच्या मदतीसाठी. शेजाऱ्याला मदत करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण परदेशात राबणाऱ्या आपल्या मजुराच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात या खात्याच्या मनुष्यबळावर कडक ताशेरे ओढले. परराष्ट्र सेवेचे संवर्गबळ अवघे १,०११ आणि खात्याच्या एकूण बळाच्या सुमारे साडेबावीस टक्के. आपल्याहून लहान देशांच्या मानानेही ही सेवा तोकडी पडते, असे समितीनेच म्हटले.

तोकडेपणाचा फटका कोणाला बसतो? मंत्र्याच्या दौऱ्याला अधिकारी कमी पडल्याचे आम्ही ऐकले नाही. फटका बसतो तो वकिलातीच्या खिडकीशी उभ्या असलेल्याला. कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारत सरकार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने निर्वाळा दिला की वकिलातीला कैद्याची भेट नाकारून पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला. हे योग्यच झाले. पण त्याच कराराचे तेच ३६ वे कलम आखातातल्या तुरुंगात पडलेल्या गवंड्यालाही लागू आहे. परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय असल्याचे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. त्यातल्या किती जणांना वकिलातीचा माणूस भेटला, किती दिवसांनी भेटला, वकील कितींना मिळाला?

मोसूलचे प्रकरण विसरण्यासारखे नाही. २०१४ साली इराकमध्ये ३९ भारतीय कामगार पकडले गेले. त्यांच्या मृत्यूचा पुरावा नाही, असे सरकार वर्षानुवर्षे सांगत राहिले आणि ते मारले गेल्याची घोषणा थेट २० मार्च २०१८ रोजी राज्यसभेत झाली. आम्हाला बातमी टीव्हीवरून कळली, ही घरच्यांची तक्रार होती. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आणावे लागले. अशा वेळी सरकार धावते, हे मान्य. पण त्या इमारतीत किती माणसे कोंबली आहेत हे आगीच्या आधी बघायला कोण गेले होते?

आता खरी गोम ऐका. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते, म्हणजे ठरावीक १८ देशांत कामाला जायचे तर सरकारी परवानगी हवी. दहावीच्या आत शाळा कोणाची सुटते, हे बदनापूर तालुक्यात कोणाला सांगायला नको. परवानगीच्या वाटेने गेला तर १० लाखांचा विमा असतो आणि एजंटाला ३०,००० रुपये व कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. एजंट मात्र व्हिजिट व्हिसावर पाठवतो, कर्ज काढायला लावतो, आणि मग तो मजूर सरकारी नोंदीतच नसतो. नोंदीत नसलेल्या माणसाची खबर वकिलातीला कोण देणार? अडकलेल्यांना परत आणायला, मृतदेह पाठवायला २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. पण तो भरतो कशातून? वकिलातीत पासपोर्ट वगैरे कामांना येणाऱ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून. म्हणजे मजुराच्या संकटाचा खर्च बऱ्याच अंशी मजूरच करतो. या निधीत किती शिल्लक पडून आहे, कोणत्या वकिलातीने किती खर्च केला, हे खासदारांनी दर अधिवेशनात विचारावे असा हा प्रश्न आहे.

आमच्या मुलांचाही यात संबंध आहे. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा पैसा सामाजिक न्याय खात्याचा, पण विद्यार्थ्याच्या हाती तो पडतो परदेशातल्या वकिलातीमार्फत. जुलै २०२५ मध्ये १०६ जण निवडले गेले आणि सुरुवातीला पत्रे मिळाली फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना 'निधी उपलब्ध झाल्यास' हे उत्तर! बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. (तुरीचे तर सांगायलाच नको. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन-७११ सारखे वाण दिले, आणि मोझांबिकशी २०१६ साली करार करून तूर बाहेरून आणली गेली. बांधावर उभ्या असलेल्याला परराष्ट्र धोरण असेही भेटते.)

मग हे विचारायचे कोणी? बदनापूर विधानसभा राखीव आहे, पण हा विषय लोकसभेचा, म्हणजे जालन्याच्या खासदारांचा. सभागृहात बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिन लावून मंजूर होतात. खरी झाडाझडती होते १९९३ पासूनच्या स्थायी समित्यांत. तिथे ३१ सदस्य बंद दाराआड बसतात, अहवाल खुला होतो, पण शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. केरळने १९९६ सालीच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग काढला, कारण तिथे हा मतांचा प्रश्न आहे. आमच्याकडच्या प्रचारसभेत तो निघतच नाही. आणि परराष्ट्र सेवेत आमचे किती? १९४९ साली या सेवेत आलेले के. आर. नारायणन चीन आणि अमेरिकेत राजदूत झाले, पुढे राष्ट्रपती झाले. त्यांचे नाव सांगून पाठ थोपटून घेणाऱ्यांनी आज किती राजदूत अनुसूचित जातींचे आहेत, हा आकडा देशवार सभागृहात ठेवावा.

लोकसभेत प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि परराष्ट्र खात्याचा वार शुक्रवार असतो. तालुक्यातून आखातात गेलेल्यांची यादी वस्तीवस्तीत करावी, ईसीआर कोण, व्हिजिट व्हिसावर कोण, हे त्यात लिहावे आणि अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच ती खासदारांच्या हाती द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.