उपयुक्ततेची आमची कसोटी

संगणकासाठी उपयुक्त अशा आज्ञावल्यांच्या याद्या पुष्कळ आढळतात. त्यांत वेग, सोय आणि किंमत यांचा विचार असतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र आधी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते: आज लिहिलेले मराठी वीस वर्षांनी, दुसऱ्याच संगणकावर, वाचता येईल काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बरेचसे मराठी लेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटांत झाले. त्यांत संगणक साठवतो ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत. देवनागरी हे त्यांवर चढवलेले केवळ रूप. फाँट हरवला की प्रबंधाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते, आणि फाँट असला तरी शब्दाचा शोध घेता येत नाही.

युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतंत्र संकेत दिले. विंडोज २००० मध्ये त्यांचा वापर शक्य झाला. मराठीचा ‘ॲ’ मात्र २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आला. मुद्रकांची अडचणही खरी होती: पेजमेकरच्या २००१ मधील शेवटच्या आवृत्तीतसुद्धा युनिकोडची सोय नव्हती. आज पानजुळणीच्या आज्ञावल्या युनिकोड देवनागरी हाताळतात. ती सबब आता उरलेली नाही.

या कसोटीवर आम्ही चार साधने सुचवतो. पहिले, इनस्क्रिप्ट कळफलक: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि तो विंडोज व लिनक्स दोहोंत उपलब्ध. दुसरे, २०१० पासूनचे लिबरऑफिस: विनामूल्य, आणि खुल्या स्वरूपात मजकूर जतन करणारे. तिसरे, जॉर्ज मेसन विद्यापीठात निर्माण होऊन २००६ मध्ये आलेले झोटेरो: ते संदर्भांची नोंद ठेवते आणि सूची तयार करून देते. चौथे, टेसरॅक्ट: छापील पानाच्या प्रतिमेतून मराठी मजकूर काढणारे. त्याला आज्ञा टंकित करून द्याव्या लागतात आणि जोडाक्षरांत ते चुकते; म्हणून मूळ पानाशी ताडून पाहणे अनिवार्य.

जुन्या फायलींचे रूपांतरही याच दक्षतेने व्हावे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी सामान्यतः व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचा क्रमही बदलतो. रूपांतर करणारी आज्ञावली येथेच घोटाळा करते, आणि तो घोटाळा ओळखायला मराठी जाणणारा डोळाच लागतो. हे काम तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की मराठी विभागांनी प्रबंध स्वीकारताना छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील फाइलही मागावी, आणि जुने प्रबंध, त्यांचे फाँट हाताशी आहेत तोवर, रूपांतरित करून घ्यावेत. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचे धडे आपण वर्गात देतो. आपल्याच पिढीच्या लेखनाचा पाठ टिकवणे हाही त्याच विद्येचा भाग आहे.