जागा कुणी निवडली?

मुलांनो, आज एक कोडं घालते. एका बाजूला १०,००० सैनिक. दुसऱ्या बाजूला त्यांच्या कितीतरी पट माणसं, रागाने पेटलेली आणि लागोपाठ तीन शहरं जिंकून आलेली. लढाई कोण जिंकेल? आमच्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, तर सगळे हात मोठ्या सैन्याच्या बाजूने वर झाले. पण प्रत्यक्षात जिंकले ते थोडे! कसे, ते आज पाहू या. आणि हो, "ते जास्त शूर होते म्हणून" एवढ्यावर भागणार नाही बरं का. समोरचे लोकही शूरच होते.

ही गोष्ट आहे ब्रिटनमधली, इ.स. ६० किंवा ६१ मधली. घरात नकाशाची वही असेल तर ब्रिटनचं पान उघडा आणि बोट ठेवून वाचा. मोठ्यांनाही जवळ बोलवा.

रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं इ.स. ४३ साली. तिथे तेव्हा वेगवेगळ्या जमातींची छोटी छोटी राज्यं होती. पूर्वेकडे, आज जिथे नॉरफोक आहे तिथे, आयसिनी जमातीचं राज्य होतं. त्यांचा राजा प्रासुटागस याने रोमशी जमवून घेतलं होतं. मरताना त्याने मृत्युपत्रात आपल्या दोन मुलींच्या बरोबरीने रोमचा सम्राट नीरो यालाही वारस केलं. त्याला वाटलं, असं केलं म्हणजे राज्य आणि घर दोन्ही सुरक्षित राहतील.

झालं उलटंच. राजा गेला आणि रोमन अधिकाऱ्यांनी राज्य जिंकून घेतल्यासारखं लुटलं. राणी बुडिकाला फटके मारले. तिच्या मुलींची घोर विटंबना केली. सरदारांच्या जमिनी काढून घेतल्या. (जुन्या पुस्तकांत या राणीचं नाव 'बोडिशिया' असंही सापडेल.) आयसिनी उठले. शेजारचे ट्रिनोव्हान्टिसही त्यांना मिळाले, कारण त्यांच्या जमिनी निवृत्त रोमन सैनिकांनी बळकावल्या होत्या.

पहिला घाला पडला कॅम्युलोडूनमवर, म्हणजे आजच्या कोल्चेस्टरवर. निवृत्त सैनिकांची ही वसाहत. तिथे सम्राट क्लॉडियसचं भलंमोठं देऊळ बांधलं होतं, पण गावाला साधा तटसुद्धा नव्हता! उरलेसुरले लोक देवळात शिरले. दोन दिवसांत देऊळही पडलं.

आता बोट नकाशावर अगदी पश्चिमेला न्या. वेल्सच्या टोकाला अँगलसी नावाचं बेट दिसेल. रोमन सुभेदार सुएटोनियस पॉलिनस आपलं मुख्य सैन्य घेऊन तिथे लढत होता. लंडन तिथून सुमारे ४०० किलोमीटर दूर! ना तार, ना फोन. घोडेस्वार बातमी घेऊन पोचेल तेव्हा खरं.

बंडाची बातमी ऐकून रोमन अधिकाऱ्यांनी काय काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. कर गोळा करणारा मुख्य अधिकारी होता कॅटस डेसियानस. कोल्चेस्टरने मदत मागितली तेव्हा त्याने जेमतेम २०० माणसं पाठवली, आणि पुढे स्वतः समुद्र ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पळून गेला. पेटिलियस सेरियालिस हा नवव्या लीजनचा सेनापती. लीजन म्हणजे सुमारे ५,००० सैनिकांचं रोमन दल. तो हाती होते तेवढे सैनिक घेऊन तसाच धावला. बंडखोरांनी त्याचं पायदळ कापून काढलं. तो घोडदळासह कसाबसा छावणीत परतला. तिसरा पोएनियस पोस्टुमस. दुसरं लीजन त्याच्या ताब्यात होतं. सुभेदाराचा हुकूम आला, तरी तो छावणीतून हललाच नाही.

आणि सुएटोनियस? तो थेट लंडनला आला. लंडन तेव्हा व्यापाऱ्यांचं गजबजलेलं गाव होतं, पण त्यालाही तट नव्हता. सुएटोनियसजवळ माणसं थोडी. त्याने गाव पाहिलं, सेरियालिसचं काय झालं ते आठवलं आणि निर्णय घेतला, लंडन सोडायचं. एक गाव जाईल, पण सगळा प्रांत वाचेल, असा त्याचा हिशोब. लोक रडले, विनवण्या केल्या. तो थांबला नाही. ज्यांना चालवत होतं ते सैन्याबरोबर निघाले. म्हातारी माणसं, अनेक बायका आणि ज्यांचा पाय घरातून निघेना असे लोक मागे राहिले. त्यांतलं कुणी वाचलं नाही. लंडन जळालं. मग व्हेरुलेमियम, म्हणजे आजचं सेंट ऑल्बन्स, तेही जळालं. आजही लंडनमध्ये इमारतीचा पाया खणताना खोलवर भाजलेल्या मातीचा तांबडा थर लागतो. तो या आगीचा!

आता आपल्या कोड्याकडे येऊ. सुएटोनियसने चौदावं लीजन, विसाव्या लीजनचे काही सैनिक आणि जवळपासच्या तुकड्या मिळून १०,००० माणसं जमवली. मग त्याने जागा शोधली. पुढे मोकळं मैदान, दोन्ही बाजूंनी आवळत आलेली खिंड आणि पाठीशी दाट रान. शत्रू येणार तो फक्त समोरून. मागून नाही, बगलेतूनही नाही.

याचा फायदा काय? वही घ्या आणि गणित करा. समजा, खिंडीचं तोंड १ किलोमीटर रुंद आहे आणि एका सैनिकाला उभं राहायला १ मीटर जागा लागते. म्हणजे पहिल्या रांगेत १,००० सैनिक उभे राहिले. १०,००० सैनिकांच्या झाल्या १० रांगा. समोरून ५०,००० येवोत नाहीतर लाख येवोत, एका वेळी समोरासमोर लढणार फार तर १,००० च! बाकीचे मागे नुसते रेटणार. शाळा सुटल्यावर दारात काय होतं, आठवा बरं. अख्खी शाळा एकदम धावते, पण दारातून एका वेळी दोघंतिघंच बाहेर पडतात. आणि मागच्यांनी जितकं रेटावं, तितकी पुढच्यांची जास्त चेंगराचेंगरी.

सुएटोनियसने मधोमध लीजनचे सैनिक दाट उभे केले, त्यांच्या बाजूला हलक्या हत्यारांचे, आणि दोन्ही टोकांना घोडदळ. समोरचे अगदी जवळ येईपर्यंत कुणी हलायचं नाही. जवळ आले की भाले फेकायचे. गर्दी इतकी की नेम चुकायचं कारणच नाही. मग पाचरीसारखी रचना करून गर्दीत घुसायचं. रोमन तलवार आखूड, भोसकायला सोयीची. ब्रिटनच्या लोकांच्या तलवारी लांब, त्या फिरवायला मोकळी जागा हवी. चेंगराचेंगरीत ती कुठून मिळणार?

त्यातच एक गोष्ट घडली. बुडिकाच्या लोकांनी बायकामुलांना लढाई बघायला आणलं होतं. मैदानाच्या कडेला त्यांच्या गाड्या ओळीने लावल्या होत्या. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच गाड्यांनी वाट अडवली. पुढे रोमन, मागे आपल्याच गाड्या! रोमन सैनिकांनी बायकांनाही सोडलं नाही, गाडीचे बैलही मारले.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "पण बाई, राणी त्या खिंडीकडे गेलीच कशाला? बाहेर थांबली असती तर?" फार चांगला प्रश्न! मला वाटतं, तिला थांबणं परवडणारं नव्हतं. त्या वर्षी तिच्या लोकांनी शेतं पेरलीच नव्हती. रोमन कोठारं लुटू आणि त्यावर जगू, असा त्यांचा बेत होता. एवढी माणसं मैदानात बसवून खायला काय घालणार? शिवाय तीन शहरं जिंकलेल्या लोकांना "थांबा" म्हटलं, तरी ऐकणार कोण? म्हणजे बघा, सुएटोनियसने नुसती जागा निवडली नाही. शत्रूला थांबता येणार नाही, हेही त्याने ओळखलं असावं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं? टॅसिटस आणि कॅशियस डिओ या दोन इतिहासकारांनी. दोघेही रोमच्या बाजूचे. टॅसिटसने हा इतिहास लिहिला ५० हून अधिक वर्षांनी. मात्र त्याचे सासरे अ‍ॅग्रिकोला तरुणपणी सुएटोनियसच्या हाताखाली होते, म्हणजे त्याला घरातून माहिती मिळाली असणार. डिओ तर शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. रोमचे ४०० मेले आणि ब्रिटनचे जवळजवळ ८०,०००, असा आकडा टॅसिटस देतो. पण ८०,००० बद्दल तोसुद्धा "असं काहीजण सांगतात" असंच म्हणतो. बुडिकाच्या लोकांनी लिहिलेली एक ओळही आपल्याजवळ नाही. तिने विष घेतलं असं टॅसिटस म्हणतो, ती आजाराने गेली असं डिओ म्हणतो. ती खिंड नेमकी कुठे होती, हेसुद्धा अजून ठरलेलं नाही. म्हणून असे आकडे वाचताना विचारायचं, मोजले कुणी?

लढाई संपली, पण गोष्ट संपली नाही. सुएटोनियसने नंतरही गावागावांतून सूड घेणं चालूच ठेवलं. पेरणी नसल्यामुळे दुष्काळ पडला होता, तरी लोक शरण येईनात. तेव्हा पळून गेलेल्या डेसियानसच्या जागी आलेल्या क्लासिसियानस या नव्या अधिकाऱ्याने रोमला कळवलं, की हा सुभेदार असेपर्यंत शांतता होणार नाही, दुसरा पाठवा. सम्राटाने चौकशीला माणूस पाठवला आणि काही काळाने सुएटोनियसला परत बोलावलं. नव्या सुभेदाराने मऊ धोरण ठेवलं. क्लासिसियानस लंडनमध्येच वारला. त्याच्या थडग्याच्या शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि गंमत पाहा, लंडनच्या उत्खननात २१ ऑक्टोबर इ.स. ६२ अशी तारीख असलेली एक लाकडी पाटी सापडली. व्हेरुलेमियमहून लंडनला धान्यसामान पोचवायचा करार तिच्यावर लिहिला आहे. जळलेल्या दोन गावांमध्ये एकदोन वर्षांतच गाड्या पुन्हा धावू लागल्या होत्या!

तेव्हा मुलांनो, लढाई जिंकायला जागा निवडावी लागते, हे सुएटोनियसला उत्तम जमलं. पण लढाईनंतर माणसांशी कसं वागायचं, ते मात्र त्याला जमलं नाही. खरं तर ते राजा प्रासुटागस गेला त्याच दिवशी रोमन अधिकाऱ्यांना जमलं असतं, तर ही लढाई झालीच नसती.

आता तुमचं काम. वहीत दोन परिच्छेद लिहा. पहिल्यात तुम्ही सुएटोनियस आहात. लंडन सोडाल की राखाल, आणि का? दुसऱ्यात तुम्ही लंडनमधली आजीबाई आहात, जिला चालवत नाही आणि जी दारात उभी राहून सैन्य जाताना बघते आहे. ती काय म्हणेल? दोन्ही परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवा आणि आईबाबांना विचारा, कुणाचं पटलं?

तुमच्या,
बाई