खालूजानची नवी गोळी

मागच्या महिन्यात खालूजान नवापूरहून आमच्याकडे आले आणि जिना चढता चढता मध्येच बसले. "बेटी, मांड्या भरून आल्यात. वय झालं आता." वय कसलं, अजून साठीसुद्धा नाही!

नऊ वर्षांपूर्वी खालाजाननी त्यांना स्वतःची किडनी दिली. तेव्हापासून ते सायक्लोस्पोरिन घेतात. शरीर परक्या अवयवावर तुटून पडतं. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी ही दवा, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, कायमची. तपासणीसाठी सुरतची गाडी ठरलेलीच.

मी विचारलं, नवीन काही सुरू झालंय का? त्यांनी खिशातून पाकीट काढलं. सिमवास्टॅटिन. छाती जड वाटते म्हणून गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले होते, तिथे कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. किडनीचं त्यांना सांगितलंत? खालूजान गप्प. मग खालाजानच हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीचं जमवायचंय ना. गावात बोभाटा नको."

गंमत अशी की सायक्लोस्पोरिन सापडलं बुरशीत, आणि सिमवास्टॅटिनचं मूळही बुरशीतच. पण दोघांचं एकत्र जमत नाही. स्टॅटिन यकृतात जाते आणि तिथे तिचा निचरा होतो. सायक्लोस्पोरिन हीच वाट अडवतं. मग रोजचीच गोळी रक्तात साचत जाते आणि तिचं प्रमाण कितीतरी पट होतं. स्नायू दुखतात, प्रकरण वाढलं तर तुटू लागतात. त्यांचा गाळ किडनीत अडकतो, लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणजे घाव बसणार तो खालाजाननी दिलेल्या किडनीवरच. ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत, असं सिमवास्टॅटिनच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. दुसऱ्या काही स्टॅटिन कमी डोसात, रक्त तपासत देता येतात; पण ते किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

उलटंही होतं. छातीत दुखणं आणि बीपीसाठी डिल्टियाझेम देतात, त्याने सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. हात थरथरतात, बीपी वाढतं, किडनीला इजा होते. काही डॉक्टर तर हे जाणूनबुजून वापरतात: सोबत डिल्टियाझेम दिलं की महागडं सायक्लोस्पोरिन कमी लागतं, खर्च वाचतो. अशा रुग्णाने "बीपी नॉर्मल आहे" म्हणत डिल्टियाझेम परस्पर बंद केलं तर पातळी घसरते आणि शरीर किडनी नाकारू लागू शकतं. म्हणून गोळी वाढवणं जितकं धोक्याचं, तितकंच ती सोडणंही.

आम्ही त्याच संध्याकाळी सुरतला फोन लावला. उत्तर आलं: स्टॅटिन आजच बंद, सायक्लोस्पोरिन मात्र एक वेळही चुकवायचं नाही, सकाळी क्रिएटिनिन आणि सीके तपासा. सीके बरंच वाढलेलं होतं, क्रिएटिनिन थोडं. पंधरा दिवसांत दोन्ही उतरलं, अल्लाहचे शुक्र. छातीची तपासणीही आता सुरतच्याच सल्ल्याने चाललीय. गावातले डॉक्टर मात्र दुखावले. म्हणाले, "मला सांगितलं असतं तर ही गोळी लिहिलीच नसती." त्यांचं खरंच होतं.

आता खालूजानच्या पाकिटात एक कागद असतो: किडनी बदलल्याचं वर्ष, सगळ्या औषधांची नावं, डोस, सुरतचा नंबर. दाताच्या डॉक्टरांनाही तो दाखवतात.

पुढच्या आठवड्यात शहाद्याहून मुलीला पाहायला लोक येणार आहेत. खालाजान म्हणतात, किडनीचं आपणच आधी सांगू.