स्मृतिभ्रंश : यंत्र इशारा देईल, पण धावणार कोण?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाजचे कारखाने आले आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कामगारांनी चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या गावठाणांभोवती एक नवे शहर वसवले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. शहर वसवणारी ती पहिली कामगार पिढी आज वार्धक्यात आहे. मोटारनिर्मितीचा पसारा मधल्या काळात चाकणपर्यंत पोहोचला आणि अनेक घरांतील पुढची पिढी तिकडच्या पाळ्यांमध्ये गुंतली. अशा घरात आईला किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, तर दिवसाचे आठ-दहा तास त्यांच्याकडे लक्ष कोणी द्यायचे? हा प्रश्न आता त्या कुटुंबाची खासगी अडचण म्हणून सोडून देता येणार नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख नागरिकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. तरीही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सुरुवातीच्या लक्षणांकडे काणाडोळा होतो. निवृत्त कामगार पहाटे उठून पाळीची वेळ झाली म्हणून दार उघडू लागतो किंवा गॅस सुरू ठेवून आई विसरून जाते, तेव्हा घर जागे होते.

उपकरणांची बाजारपेठ

या टप्प्यावर तंत्रज्ञानाचा आधार शोधला जातो. ठावठिकाणा कळवणारे घड्याळ, दार उघडताच मोबाइलवर सूचना देणारा सेन्सर, औषधाच्या वेळेला वाजणारी डबी, आपोआप बंद होणारा गॅस, हालचाल होताच लागणारा रात्रीचा दिवा आणि घरातील कॅमेरा अशी साधने आता सहज मिळतात. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या मर्यादा जाहिरातींत दिसत नाहीत. घड्याळ रोज चार्ज करावे लागते. रुग्ण ते काढून ठेवतो. बंदिस्त इमारतीत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो. शिवाय नवी गोष्ट शिकण्याची क्षमता या आजारात लवकर घटते. त्यामुळे उपकरण वापरण्याची सवय पहिल्या टप्प्यातच लावावी लागते, आणि नेमक्या त्याच टप्प्यात निदान झालेले नसते.

संशोधन काय सांगते?

इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या ४९५ व्यक्तींवर या साधनांची दोन वर्षे रीतसर चाचणी झाली. एका गटाला गरजेप्रमाणे उपकरणांचा पूर्ण संच मिळाला, तर दुसऱ्याला धूरसूचक, धोक्याची घंटा अशी मोजकीच साधने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. पूर्ण संचामुळे रुग्ण अधिक काळ स्वतःच्या घरी राहू शकले नाहीत आणि सांभाळणाऱ्यांचा ताणही घटला नाही.

याउलट गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या कार्यक्रमाचा अनुभव आहे. तेथे ८१ कुटुंबांचा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन कुटुंबीयांना आजार समजावत, वागणूक हाताळण्याचे मार्ग सांगत आणि त्यांची व्यथा ऐकून घेत. यातून सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. भारतातच पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची चाचणी झाली, तेव्हा मात्र बरेच जण मध्येच गळाले आणि ताणात लक्षणीय फरक आढळला नाही. तीनही अनुभवांचा रोख एकच आहे. सूचना देण्याचे काम यंत्र करते. उपयोग होतो तो सूचनेनंतर हालचाल करणारे माणूस असेल तर.

पाळीतला मुलगा, दारातला इशारा

औद्योगिक पट्ट्यात ही अट अधिक कठीण होते. अनेक कारखान्यांत शॉपफ्लोअरवर मोबाइल नेण्यास मनाई असते. दाराच्या सेन्सरचा इशारा लॉकरमधील फोनवर वाजत राहिला, तर त्याचा उपयोग काय? फोन हाताशी असला, तरी पुणे-नाशिक महामार्गावरील कोंडीतून चाकणहून निगडीला पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून इशाऱ्याच्या यादीत मुलाआधी शेजारी, सोसायटीचा सुरक्षारक्षक आणि जवळचा नातलग यांचे क्रमांक हवेत. अशा कामगारासाठी टाइम ऑफिसमध्ये निरोप स्वीकारण्याची सोय करणे कंपन्यांना अवघड नाही आणि खर्चिक तर नाहीच.

सरकारी योजनांचा रोख मात्र अद्याप वेगळा आहे. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना साधनखरेदीसाठी एकदा तीन हजार रुपये देण्याची तरतूद आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर अशी ही यादी. डोळे, कान, गुडघे यांची दखल घेणाऱ्या या यादीत स्मृतीला स्थान हवे. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ मध्ये लागू झाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. स्मृतिभ्रंशाचा खरा खर्च घरी होतो आणि बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी तो आपल्या नोकरीने व झोपेने भरते.

उपलब्ध साधनांची जुळणी

वाट चुकलेल्या वृद्धाच्या शोधासाठी या पट्ट्यात एक अनुकूलता आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात चाकण, आळंदी आणि देहूरोडही येतात. त्यामुळे शहरातून भरकटलेली व्यक्ती चाकणला आढळली, तरी आयुक्तालय तेच राहते. मुंबईत २०२३ मध्ये हरवलेला एक विशेष मूल गळ्यातील क्यूआर कोडच्या लॉकेटमुळे पोलिसांना घरी पोहोचवता आला. असे लॉकेट स्वस्त असते आणि त्याला चार्जिंग लागत नाही. महापालिका, ज्येष्ठ नागरिक संघ आणि पोलिस यांनी एकत्र येऊन ते घरोघरी पोहोचवणे शक्य आहे. तातडीसाठी ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक आहेतच. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि महापालिकेच्या दवाखान्यांतून स्मृतितपासणी नियमित झाली, तर निदान लवकर होईल आणि साधनेही वेळेवर घरात येतील.

यात रुग्णाच्या संमतीचा मुद्दा दुय्यम ठरू नये. खोलीतील कॅमेऱ्यामुळे मुलांना निर्धास्त वाटते, पण कपडे बदलतानाही कोणी पाहत आहे ही भावना वृद्धाला अस्वस्थ करते. समज शाबूत असतानाच त्यांना विचारावे. कॅमेऱ्याऐवजी दाराचा सेन्सर पुरत असेल, तर तेवढ्यावरच थांबावे.

या शहराने यंत्राशेजारी माणूस उभा करूनच उत्पादन घेतले. ज्यांनी ते घेतले, त्यांच्या उतारवयातल्या यंत्रांशेजारीही कोणीतरी उभे राहील याची व्यवस्था महापालिका, कंपन्या आणि सोसायट्यांनी मिळून करायची आहे. ती झाली नाही, तर प्रत्येक नवे उपकरण म्हणजे रिकाम्या घरात वाजणारी आणखी एक घंटा ठरेल.